वाऱ्याचा माग काढणारा माणूस

डॉ. विक्रम साराभाई हे नाव आपण सगळ्यांनी शाळेतच पाठ केलेलं असतं. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक! जी.के.च्या पुस्तकात एक ओळ, क्विझमध्ये एक मार्क, आणि विषय संपला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं लँडर चंद्रावर उतरलं, त्याचं नाव होतं 'विक्रम', तेव्हा ही ओळ पुन्हा एकदा सगळीकडे झळकली. पण त्या ओळीत एक गोष्ट कधीच येत नाही. थुंब्याहून १९६३ साली जे पहिलं रॉकेट उडालं, ते नेमकं कशासाठी उडालं? उपग्रह सोडायला? नाही. फोटो काढायला? तेही नाही. ते उडालं वारा बघायला!

आता वारा बघायला रॉकेट कशाला लागतं? आणि नुकताच स्वतंत्र झालेला, रेशनच्या रांगेत उभा असलेला देश असल्या वाऱ्याच्या मागे का लागला? मला हा प्रश्न पडला आणि मी साराभाईंचं आयुष्य त्या एका प्रश्नाच्या बाजूने वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मधे मधे थोडं फिजिक्स येईल, पण घाबरू नका, शेवटी व्हायव्हा नाही!

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. घर गडगंज. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक. घरात आठ भावंडं, आणि त्यांच्यासाठी आई सरलादेवींनी घरातच मॉन्टेसरी पद्धतीची शाळा काढली होती. गांधीजी, रवींद्रनाथ टागोर, सी. व्ही. रामन अशी माणसं त्या घरी येत-जात असत. आत्या अनसूयाबेन तर १९१८ च्या गिरणी कामगारांच्या लढ्यात सख्ख्या भावाच्या विरुद्ध, कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे वेगळा विचार करणं आणि तो तोंडावर सांगणं हे या मुलाने लहानपणापासून घरात पाहिलं. घरच्या वर्कशॉपमध्ये त्याने वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल बनवलं होतं. आपल्यापैकी किती जणांनी वर्कशॉपच्या जॉबशिवाय काही बनवलंय, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

पुढे गुजरात कॉलेज, आणि मग केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज. १९४० मध्ये तिथली ट्रायपॉस परीक्षा पास झाले, पण तोवर दुसरं महायुद्ध पेटलेलं. विक्रम भारतात परतले आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रामन यांच्या हाताखाली कामाला लागले. तिथे होमी भाभाही होते. विषय मिळाला विश्वकिरणांचा, म्हणजे कॉस्मिक रेजचा.

इथेच त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली असं मला वाटतं. अवकाशातून येणारे हे किरण मोजायचे, आणि दिवसाच्या कोणत्या तासाला ते किती येतात याचा हिशोब ठेवायचा. हा आकडा दिवसभर सारखा राहत नाही. सकाळ, दुपार, रात्र यांत अगदी थोडा, टक्क्याच्याही आतला फरक पडतो. आपण लॅबमध्ये एवढा फरक आला तर ऑब्झर्वेशनल एरर म्हणून खोडून टाकतो आणि मोकळे होतो. साराभाईंनी त्या फरकालाच आयुष्याचा विषय केला. रोजचा बदल, आणि त्याहून गमतीचं म्हणजे आजचा बदल कालच्यासारखा का नसतो, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १९४२ साली त्यांचा पहिला पेपर आला, तोही विश्वकिरणांच्या वेळेनुसार होणाऱ्या वाटणीवरच होता.

पण या हिशोबात एक अडचण होती. हे किरण आपल्यापर्यंत पोचतात ते हवेच्या थरांतून गाळून. वरच्या हवेचा दाब वाढला की मोजणी घटते, तापमान बदललं की पुन्हा फरक पडतो. मग दिसलेला बदल सूर्यामुळे की आपल्याच डोक्यावरच्या हवेमुळे, हे ठरवायचं कसं? त्यासाठी आधी वरची हवा समजायला हवी. बंगलोरबरोबरच त्यांनी पुण्यात आणि काश्मीरच्या डोंगरात उंचावर जाऊन मोजण्या केल्या. पुण्यात त्यांची गाठ पडली हवामान खात्यातले मोठे शास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांच्याशी. एक अवकाशातून येणाऱ्या किरणांचा माणूस, दुसरा हवेचा माणूस. ही जोडी पुढे जन्मभर टिकली.

१९४२ मध्येच विक्रम यांचं लग्न मृणालिनी स्वामिनाथन या नामवंत नर्तिकेशी झालं. युद्ध संपल्यावर ते परत केंब्रिजला गेले, १९४७ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि ऐन स्वातंत्र्याच्या वर्षी अहमदाबादला आले. वय २८. घरचा उद्योग समोर तयार होता. पण ११ नोव्हेंबर १९४७ ला, एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या थोड्या जागेत, त्यांनी फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. तीच आजची पी.आर.एल. आणि तिचे पहिले डायरेक्टर कोण? स्वतः नाहीत, तर हवामान खात्यातून रिटायर होऊन आलेले रामनाथन! स्वतःच काढलेल्या संस्थेत मोठी खुर्ची दुसऱ्याला द्यायची, ही गोष्ट आपल्याकडे सिलॅबसमध्ये नाही. विषय दोन ठरले : विश्वकिरण आणि वरचं वातावरण.

आता इथे साराभाईंना जरा थांबवू, आणि वाऱ्याकडे वळू. नाहीतर पुढचं थुंबा कळणार नाही.

गोष्ट सुरू होते होकायंत्रापासून. आपण म्हणतो, होकायंत्राची सुई उत्तरेकडे स्थिर राहते. पण १७२२ च्या सुमारास लंडनमधल्या जॉर्ज ग्रॅहम नावाच्या घड्याळजीने बारीक नजरेने पाहिलं तर ती सुई दिवसभर किंचित हलत असते! रोज हलते, दिवसाच्या घड्याळाप्रमाणे हलते. जमिनीतला चुंबक काही रोज दुपारी जागचा उठत नाही. मग सुईला हलवतं कोण? दीडशेहून जास्त वर्षांनी, १८८२ मध्ये, बाल्फर स्ट्युअर्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक धाडसी उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की खूप उंचावर हवेतून विजेचे प्रवाह वाहतात, आणि ते प्रवाह तयार करतो तिथला वारा. त्या काळी आयनोस्फीअर, म्हणजे मराठी पुस्तकातलं आयनांबर, कोणाला माहीतही नव्हतं. रेडिओचाच पत्ता नव्हता!

ही कल्पना आपल्याला समजायला मुळीच अवघड नाही. डायनॅमो आठवा. चुंबकीय क्षेत्रात वाहक फिरवला की वीज तयार होते. इथे फील्ड आहे पृथ्वीचं, आणि आर्मेचर आहे वारा. साधी हवा वीज वाहत नाही, पण साधारण १०० किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. म्हणजे हवा वाहक होते. वारा वाहिला की जड आयन हवेबरोबर ओढले जातात, आणि हलके इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांना चिकटून राहतात. दोघांची फारकत झाली की विद्युतक्षेत्र आलं, प्रवाह आला. झाला डायनॅमो! पृथ्वीएवढा मोठा, आणि बिनखांबाचा.

आणि हा वारा तरी कुठून येतो? खाली समुद्राला जशी भरती-ओहोटी असते, तशी हवेलाही असते. पण हवेची मोठी भरती चंद्रामुळे नाही, सूर्याच्या उष्णतेमुळे येते. खालच्या हवेतली पाण्याची वाफ आणि त्याच्या वरचा ओझोन ऊन शोषून घेतात, तापतात, फुगतात. त्यातून २४ तासांच्या आणि १२ तासांच्या लाटा उठतात आणि वर चढतात. वर हवा विरळ होत जाते तशा या लाटा मोठ्या होत जातात. शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत तिथला वारा सेकंदाला १०० मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ताशी ३६० किलोमीटर! खाली झाडाचं पान हलत नसतं तेव्हाही.

या गोष्टीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे बरं का. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुंबकीय सुईच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या विजेमुळे नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय कामासाठी अलिबागला नवी जागा झाली. १९०४ पासून अलिबागच्या नोंदी सुरू आहेत. या अलिबागचं पुढे काम आहे, लक्षात ठेवा.

आता विषुववृत्ताकडे चला. १९२२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात वानकायो नावाच्या ठिकाणी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिथला दुपारचा बदल बाकी ठिकाणांच्या मानाने जवळजवळ दुप्पट किंवा त्याहूनही जास्त यायला लागला. वानकायो होतं चुंबकीय विषुववृत्ताजवळ. ही भूगोलातली शून्य अंशाची रेषा नव्हे. जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला अगदी समांतर, आडव्या असतात, ती ही रेषा. तिथे वर-खाली वाहू पाहणारा प्रवाह अडतो, भार साचतात, आणि त्यांच्यामुळे पूर्वेकडे वाहणारा प्रवाह कितीतरी पटींनी जोर धरतो. साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, काहीशे किलोमीटर रुंदीचा हा विजेचा पट्टा सूर्य डोक्यावर आला की जोरात वाहतो. सिडनी चॅपमन यांनी १९५१ मध्ये त्याला नाव दिलं, इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट.

एवढ्यावर भागत नाही. दिवसा विद्युतक्षेत्र पूर्वेकडे, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे. व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट करा : पूर्व गुणिले उत्तर म्हणजे वर! आयनांबरातला प्लाझ्मा विषुववृत्तावर वर उचलला जातो, काहीशे किलोमीटर चढतो, आणि मग कारंज्यासारखा चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरून खाली येतो. त्यामुळे प्लाझ्मा सगळ्यात दाट कुठे सापडतो? विषुववृत्तावर नाही, तर त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर. हे अ‍ॅपल्टन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं. आणि या कारंज्याचं उत्तरेकडचं पाणी भारतात जिथे पडतं, त्या पट्ट्याखाली कोणतं शहर येतं माहीत आहे? अहमदाबाद!

वाचताना इथे मी खरंच थांबले. साराभाईंची लॅब कारंज्याच्या पडत्या धारेखाली होती, आणि कारंजं जिथून उसळतं ती जागा होती भारताच्या दक्षिण टोकाला. जगात चुंबकीय विषुववृत्त बरंचसं समुद्रावरून जातं. जमिनीवरून जातं अशा थोड्या देशांत आपण आहोत. कारंज्याचा उगम आणि शेवट दोन्ही एकाच देशात. म्हणजे हा प्रश्न निसर्गानेच आपल्या अंगणात आणून ठेवला होता. दुसऱ्या कोणी येऊन तो सोडवण्याची वाट बघायची, की आपण हात घालायचा?

जमिनीवरून नोंदी घेता येत होत्या, त्या घेतल्याही जात होत्या. पण वारा स्वतः दिसणार कसा? फुगा ३५-४० किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. उपग्रह १०० किलोमीटरवर टिकत नाही, हवेच्या घर्षणाने खाली येतो. मधला हा पट्टा कोणाच्याच हातात नाही. तिथे शिरायचं तर एकच साधन, साउंडिंग रॉकेट. सरळ वर जायचं, काही मिनिटं मोजायचं, आणि खाली पडायचं.

१९५७-५८ चं आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष झालं, त्यातच ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उडाला, आणि सगळ्या जगाचे डोळे वर लागले. फेब्रुवारी १९६२ मध्ये भारत सरकारने अंतराळ संशोधनासाठी समिती नेमली, इन्कोस्पार. अध्यक्ष साराभाई. पहिलं काम, चुंबकीय विषुववृत्तावर रॉकेटसाठी जागा शोधायची. ही शोधाशोध ज्यांनी केली त्यांत एक मराठी नाव ठळक आहे, कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. केरळच्या किनाऱ्यावर बऱ्याच जागा पाहून झाल्यावर पसंतीला उतरलं तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा. नारळीची झाडं, वाळू, कोळ्यांची घरं आणि मधोमध सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च.

या चर्चबद्दल बहुतेक लेखांत दोन ओळी असतात आणि लगेच रॉकेट उडतं. मला तिथून पुढे पटकन जाता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे असेल, पण गावातल्या लोकांसाठी चर्च म्हणजे काय असतं ते मी थोडं पाहिलंय. तिथे बाप्तिस्मा झालेला असतो, लग्न लागलेलं असतं, आजी-आजोबांना तिथेच शेवटचं नेलेलं असतं. थुंब्याच्या कोळ्यांना इलेक्ट्रोजेट म्हणजे काय हे कोण सांगणार होतं? साराभाई स्वतः बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपनी परस्पर हो म्हणून टाकलं नाही. रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढेच त्यांनी ही मागणी ठेवली, आणि लोकांनी होकार दिला. कलेक्टर के. माधवन नायर यांनी जमिनीचं काम पार पाडलं, गाव दुसरीकडे वसलं, तिथे नवं चर्च उभं राहिलं. जुन्या चर्चमध्ये ऑफिस आलं, रॉकेटचे भाग जोडले जायला लागले. सायकलच्या कॅरियरवरून रॉकेटचा भाग नेतानाचा तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. आज त्या चर्चमध्ये स्पेस म्युझियम आहे. पण ज्यांनी घरं उचलली त्यांच्या नावांची पाटी जी.के.च्या पुस्तकात नाही. देशाच्या विज्ञानाची पहिली वर्गणी कोणी भरली, तर त्या कोळ्यांनी!

आणि मग २१ नोव्हेंबर १९६३ ची संध्याकाळ. रॉकेट अमेरिकेचं, नायके-अपाची. त्याच्या टोकातलं सामान फ्रान्सचं. रशियानेही कॉम्प्युटर आणि हेलिकॉप्टर देऊन थुंब्याला मदत केली. शीतयुद्धाच्या ऐन काळात अमेरिका आणि रशिया दोघांना एका कोळीवाड्यात आणून बसवणं, हे काम रॉकेटच्या गणितापेक्षा सोपं नसणार. भारतीय टीममध्ये अमेरिकेत नासाकडे ट्रेनिंग घेऊन आलेली तरुण पोरं होती. त्यांतले एक पुढे राष्ट्रपती झाले, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

रॉकेटच्या टोकात होता सोडियम. तोच, जो बारावीच्या लॅबमध्ये केरोसीनच्या बाटलीत ठेवतात! युक्ती अशी की वेळ निवडायची सूर्यास्तानंतरची. जमिनीवर अंधार झालेला असतो, पण शंभर-दोनशे किलोमीटरवर अजून ऊन असतं. तिथे सोडियमची वाफ सोडली की ती उन्हात नारिंगी-पिवळी चमकते, थेट रस्त्यावरच्या सोडियम दिव्यासारखी. खालून वेगवेगळ्या ठिकाणांहून कॅमेरे तिचे फोटो काढत राहतात. ढगाची रेघ वारा नेईल तिकडे वाकते. दोन जागांवरून घेतलेल्या कोनांवरून, म्हणजे आपल्या सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलसारखंच, कोणत्या उंचीवर वारा कुठल्या दिशेला आणि किती वेगाने वाहतो ते काढायचं. झालं! ज्या वाऱ्याबद्दल स्ट्युअर्टने १८८२ मध्ये नुसता तर्क केला होता, तो भारताच्या आकाशात डोळ्यांना दिसला. केरळात लोक रस्त्यावर येऊन तो रंगीत ढग बघत राहिले.

अशा ढगांवरून कळलेली गंमत म्हणजे वरचा वारा एकसारखा वाहतच नाही. थोडं वर गेलं की दिशा बदलते, आणखी थोडं वर गेलं की उलटी होते, वेग कमी-जास्त होतो. १९६४ मध्ये थुंब्याहूनच मॅग्नेटोमीटर बसवलेली रॉकेटं गेली आणि इलेक्ट्रोजेटचा प्रवाह थेट त्याच्या उंचीवर जाऊन मोजला गेला. एकीकडे वारा, एकीकडे प्रवाह. दोन्ही टोकं हातात आली. पण एकाच वेळी, रोजच्या रोज, दोन्ही मोजून त्यांची गाठ बांधायला मात्र एक-एक रॉकेट पुरणार नव्हतं. रॉकेट म्हणजे काही मिनिटांची भेट. आणि प्रश्न तर रोजचा होता.

साराभाई या प्रश्नापाशी बसून राहू शकले नाहीत. २४ जानेवारी १९६६ ला होमी भाभा विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद साराभाईंकडे आलं. मुंबई, अहमदाबाद, तिरुवनंतपुरम अशी सततची धावपळ. शिवाय अहमदाबादची टेक्सटाइल संशोधन संस्था अटीरा, १९६१ मध्ये सुरू झालेलं आय.आय.एम., मुलांसाठी सायन्स सेंटर, कुठे कुठे म्हणून त्यांचा हात होता! नोव्हेंबर १९६७ मध्ये आपलं स्वतःचं छोटं रोहिणी रॉकेट थुंब्याहून उडालं. २ फेब्रुवारी १९६८ ला इंदिरा गांधींनी थुंबा केंद्र संयुक्त राष्ट्रांच्या नावे जगाला अर्पण केलं. १५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. त्या वर्षी नासाशी करार झाला, त्यातून पुढे १९७५-७६ मध्ये खेड्यांतल्या टीव्हीवर उपग्रहाने शेतीचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोचले. तेव्हाही लोक विचारायचे, गरीब देशाला हे थेर कशाला? साराभाईंचं म्हणणं साधारण असं होतं की चंद्रावर जायच्या शर्यतीत आपल्याला उतरायचंच नाही, पण आपल्या माणसांच्या अडचणी सोडवायला लागणारं विज्ञान उसनं घेऊन चालणार नाही. आणि एवढ्या गडबडीत पी.आर.एल.मधले त्यांचे विद्यार्थी आणि विश्वकिरणांचा रोजचा हिशोब त्यांनी सोडला नव्हता.

३० डिसेंबर १९७१ ला ते थुंब्याजवळच कोवळमला मुक्कामी होते. तिथेच झोपेत त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट उडायला अजून सव्वातीन वर्षं होती.

मग त्या वाऱ्याचं काय झालं? हा भाग मला सगळ्यात आवडला. कारण माणूस गेला तरी प्रश्न चालत राहिला. आपले शास्त्रज्ञ दक्षिणेतल्या चुंबकीय नोंदींतून आपल्या अलिबागच्या नोंदी वजा करतात, कारण अलिबाग इलेक्ट्रोजेटच्या पट्ट्याबाहेर आहे. उरतो तो निव्वळ इलेक्ट्रोजेट. असं रोज बघितलं की कळतं, सूर्य अगदी शांत असला तरी हा प्रवाह आज जेवढा तेवढा उद्या नसतो. कधी कधी तर दुपारी तो चक्क उलटा, पश्चिमेकडे वाहायला लागतो! बराच काळ सगळ्यांची नजर सूर्याकडे होती. पण जानेवारी २००९ मध्ये, सूर्य फारच शांत असताना, उत्तर ध्रुवावरचा स्ट्रॅटोस्फीअर अचानक तापला आणि पेरूच्या रडारला विषुववृत्तावरचा प्लाझ्मा सकाळी नेहमीपेक्षा जोरात वर आणि दुपारी खाली जाताना दिसला. ध्रुवाजवळची खालची हवा बिघडली, आणि हजारो किलोमीटर दूर, शंभर किलोमीटरच्या वर वीज बदलली. मधला दुवा कोण? वाऱ्याच्या लाटा.

शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये नासाने आयकॉन नावाचा उपग्रह सोडला. सुमारे ६०० किलोमीटरवरून तो खालचा वारा दुरून मोजायचा, आणि त्याच चुंबकीय रेषेवर असताना स्वतःजवळच्या प्लाझ्माचा वेगही मोजायचा. दोन्ही एकाच वेळी! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की दिवसा वरच्या प्लाझ्माची चाल जी रोज बदलते, तिच्यामागे खालच्या वाऱ्याचा मोठा हात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयकॉनशी संपर्क तुटला, पण गाठ बांधून झाली होती. थुंब्याच्या ढगाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ साठ वर्षांनी मिळालं.

आता कोणी म्हणेल, कळलं, पण उपयोग काय? आम्हा ई अँड टीसी-वाल्यांना तरी हे विचारायला नको. मोबाइलमधल्या जी.पी.एस.चा सिग्नल याच आयनांबरातून येतो. प्लाझ्मा दाट असला की सिग्नल उशिरा पोचतो आणि जागा चुकते. सूर्यास्तानंतर विषुववृत्तावर कधी कधी प्लाझ्मामध्ये पोकळ्या तयार होऊन वर चढतात, तेव्हा सिग्नल लुकलुकायला लागतो. विमानांसाठी इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने मिळून बनवलेल्या गगन यंत्रणेला या दुरुस्त्या सतत कराव्या लागतात. आणि समुद्रात दूर गेलेला कोळी आज जी.पी.एस.वर आपली बोट आणि किनारा शोधतो, तेव्हा त्याचा सिग्नलही याच वाऱ्याच्या हवाली असतो. थुंब्याच्या कोळ्यांनी भरलेली ती वर्गणी अशा वाटेने थोडीफार परत येते आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आपण इंजिनिअर्स मशीनच्या प्रेमात पडतो. साराभाईंच्या आयुष्यात मशीन नंतर आलं, प्रश्न आधी आला. प्रश्नासाठी रॉकेट, रॉकेटसाठी थुंबा, थुंब्यासाठी माणसं, आणि माणसांसाठी विश्वास. उद्या प्लेसमेंट होतील, पॅकेजं मिळतील, मिळायलाच हवीत! पण आपल्या अंगणात पडलेला असा एखादा प्रश्न, जो दुसरं कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही, तोही प्रत्येकाने एक तरी उचलावा. तो आपल्या हयातीत सुटला नाही तरी चालेल. वारा काही कुठे जात नाही. आज दुपारीही तो आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरवर वाहतो आहे, आणि अलिबागची सुई किंचित हलते आहे.